टीव्हीची उजवी बाजू आईची

माझा धाकटा भाऊ गेला, त्याला आता काही महिने झाले. त्याच्याबद्दल लिहायला बसले की हात भलतंच काही लिहायला लागतो: बसच्या वेळा, किराणा, ग्रंथालयात परत न आलेल्या पुस्तकांची यादी. म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहायचं ठरवलं आहे. त्याने आईसाठी संगणकात एक ओळ लिहून ठेवली होती. तो गेल्यावर ती ओळ चालेनाशी झाली, एवढंच.

आम्ही काळेवाडीत राहतो. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते; त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी निगडीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भाऊ चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. त्यामुळे आई आजारी पडली तेव्हा घरात तिघंच होतो आणि कुणाला विचारायचं नव्हतं.

आईला अर्धांगाचा झटका आला. डावा हात थोडा सुधारला, बोलणं जवळजवळ पूर्ववत झालं, पण नजरेची डावी बाजू गेली. दोन्ही डोळे चांगले आहेत, तरी समोरचं अर्धंच दिसतं. आणि अर्धंच दिसतंय हे तिला कळत नाही, ही त्यातली अवघड गोष्ट. ताटात भाकरी डावीकडे असली तर ती म्हणते, "भाकर दिलीच नाहीस की." आम्ही ताट अर्धं फिरवायचो. मग म्हणायची, "आता दिलीस."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाचत असतील तर वाचू द्या, जे उरलंय ते वापरात राहिलं पाहिजे. आई शाळेत गेलेली नाही. आमच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांवरून, आमच्याच बरोबर, ती वाचायला शिकली आणि पुढे आमच्यापेक्षा जास्त पेपर वाचायला लागली. पण तिला हवा असतो तिच्या माहेरचा, धाराशिव जिल्ह्याचा पेपर. इथल्या कागदी पेपरात तिकडची बातमी येत नाही. ती फक्त संगणकावर मिळते.

भावाने मग जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्ही आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. पेपर टीव्हीभर मोठा करून चालत नव्हतं, कारण आई प्रत्येक ओळ मधूनच वाचायला लागायची आणि "हे कुणी लिहिलंय, काही अर्थ लागंना" म्हणून चिडायची. ब्राउझरची खिडकी अर्ध्या रुंदीची करून टीव्हीच्या उजव्या अर्ध्यात ठेवली की सगळ्या ओळी पहिल्या शब्दापासून तिच्या नजरेत बसत. हे त्याच्या लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं.

"ए माय, ही बाजू तुझी," तो म्हणाला. "तिकडची माझी."

"तिकडं काय हाय?"

"काही नाही. म्हणून तर मी घेतली."

दुसरी शिफ्ट असली की सकाळी तो तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. उजव्या अर्ध्यात आईचा जिल्हा, डाव्या अर्ध्यात त्याचं काहीबाही. तिला त्याचं दिसायचं नाही आणि त्याला तिचं वाचायचं नसे. ती मोठ्याने वाचायची, तो हुंकार द्यायचा. माउसची दोन्ही बटणं त्याने चिकटपट्टीने बंद करून टाकली होती, नुसतं मधलं चाक मोकळं ठेवलं होतं. चाक फिरवलं की पान खाली जातं, एवढं आईला पुरत होतं.

पहिल्या शिफ्टला मात्र तो पहाटेच कंपनीच्या बसने जायचा आणि मी पावणेआठला निघायचे. आई नऊला उठते. नऊ वाजता शेजारच्या वहिनी येऊन तिला चहा देतात आणि रिमोटने टीव्ही लावतात. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, आणि त्यांनी का शिकावं. म्हणून त्याने एक फाइल केली होती. तिचं नाव फक्त 'आई'. तिच्यावर दोनदा टिचकी मारली, किंवा घड्याळात नऊ वाजले, की खिडकी आपोआप उघडायची आणि नेमकी उजव्या अर्ध्यात जाऊन बसायची.

हे तो कंपनीत शिकला होता. तिथे लाइनवर चार मोठे पडदे टांगलेले असतात: एकावर किती माल झाला, एकावर कुठलं मशीन थांबलं, असं काही. चारही एकाच संगणकातून चालतात. लाइट जाऊन आली की प्रत्येक खिडकी ज्या त्या पडद्यावर परत आली पाहिजे, कुणी शिडी लावून माउस हलवत बसत नाही. ते आज्ञेच्या ओळीने करतात. घरी येऊन तो सांगायचा आणि मी पुस्तकातून डोकं वर न काढता "हो का" म्हणायचे.

तो रविवारी दुपारी गेला. जेवून आडवा झाला आणि उठला नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी तो आईशेजारी बसला होता. तिचं वाचून झाल्यावर त्याने तिची खिडकी बंद केली होती, पण त्याची डाव्या अर्ध्यात उघडीच होती. टीव्ही कुणीतरी बंद केला, पण लॅपटॉप चालू राहिला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मावसभावाने एकदा "हे बंद करू का" म्हणून लॅपटॉपकडे हात नेला, तेव्हा मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की खोलीतली माणसं बोलायची थांबली. मी कधी आवाज चढवत नाही.

त्या खिडकीत वर सहा टॅब होते. मी ते उघडून पाहिले नाहीत; हलवलं तर बिघडेल असं वाटायचं. नावं तेवढी दिसत होती, तीही तुटलेली. अर्धांगाच्या रुग्णांसाठीचं काहीतरी. जुन्या मोटरसायकली. एक थांबवलेला व्हिडिओ. आणि समोर जो होता, तो वीजबिलावरचं वडिलांचं नाव बदलण्याचा अर्ज. नाव भरलं होतं, पत्ता भरला होता, आणि कारणाच्या चौकटीत 'वडील' एवढंच लिहून झालं होतं. संगणक अधूनमधून विचारायचा, रीस्टार्ट करायचं का. मी 'नंतर' दाबायचे. रोज दोनदा तरी दाबायचे.

माणसं गेल्यावर आईनेच विचारलं, "बाई, पेपर येत न्हाई का आता?"

मी 'आई'वर टिचकी मारली. खिडकी उघडली, पण डावीकडे, त्याच्या खिडकीवरच. उजवा अर्धा रिकामा, निळाच राहिला. मी माउसच्या चिकटपट्ट्या काढल्या, खिडकी धरून उजवीकडे ओढली आणि आई वाचायला लागली. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. नऊ वाजता खिडकी पुन्हा डावीकडे उघडली. आईला नुसतं निळं दिसलं. मी निघताना ओढून ठेवावी तर आई झोपलेली, टीव्ही बंद. लॅपटॉपला तो जोडलेलाच वाटतो, पण ओढायची ती काळ्या पडद्यावर, आपल्याला न दिसणारी खिडकी. तसंही करून पाहिलं. नऊ वाजता नवी खिडकी वर येऊन बसली असेल किंवा माझी कुठेतरी कडेला अडकली असेल, कोण जाणे. वहिनी म्हणाल्या, "ताई, काहीतरी आलं होतं, पण आजींना दिसत नाही म्हणाल्या."

मी आईला समजावलं, "पेपर आहे, पण डावीकडे आहे."

"तिकडं काय न्हाई, बाई."

"आहे. मान वळव जरा."

तिने मान वळवली, भिंतीपर्यंत वळवली, पण उजवीकडेच, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी लहान मुलीसारखं बोलत आहे.

आई पेपर सकाळीच वाचते. मग असं व्हायला लागलं की रविवारी मी घरी असायचे, खिडकी ओढायचे, आणि आईला पेपर दिसायचा. सोमवारी दिसायचा नाही. आईने यातून स्वतःचा अर्थ काढला. तो मला वहिनींकडून कळला. "आजी म्हणत होत्या, अर्धं आधीच गेलं, आता राहिलेलं जायला लागलंय. एक दिवस येतं, सहा दिवस जातं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

त्या आठवड्यात तिने टीव्हीकडे तोंड करून बसणं सोडलं. वहिनींनी टीव्ही लावला की ती भिंतीकडे वळायची. हाताचे व्यायामही सोडले. मी कागदी पेपर वाचून दाखवायला बसले तर म्हणाली, "राहू दे. तू दमलीस." डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर नुसती मान हलवली. एक माणूस घरातून असा दुपारी निघून गेला होता आणि दुसरं माझ्या डोळ्यांदेखत भिंतीकडे सरकत होतं, तेही एका चुकीच्या समजुतीवर. ती समजूत बोलून जात नव्हती. खिडकी उजवीकडे गेली तरच जाणार होती.

मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच लांब ओळ. आधी ब्राउझरचा पत्ता, मग दोन आडव्या रेघा आणि विंडो-पोझिशन, बरोबरचं चिन्ह, २३२६, स्वल्पविराम, शून्य. मग पुन्हा दोन रेघा आणि विंडो-साइझ, ९६०, १०८०. शेवटी पेपरचा पत्ता. मला वाटलं हे २३२६ कुठेतरी चुकलंय. मी २४०० केलं. मग २०००. मग १५००. आज्ञा लिहायच्या काळ्या चौकटीत तीच ओळ हाताने टाइप करून पाहिली. प्रत्येक वेळी खिडकी तिथेच, डावीकडे, त्याच्या खिडकीवर जरा सरकून. वहीत मी प्रत्येक आकडा आणि त्यापुढे 'डावीकडे' असं लिहीत गेले. दोन पानं भरली. जेवताना उठून जायचे, आंघोळीला जाता जाता एक आकडा टाकून पाहायचे. बसमध्ये पुस्तक उघडायचे आणि त्याच पानावर निगडी यायची.

कॉलेजात एकदा दुपारी, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारताना, मला २३२६ कळलं. संगणक रुंदी ठिपक्यांत मोजतो. आमचा लॅपटॉप तेराशे सहासष्ट ठिपके रुंद, टीव्ही एकोणीसशे वीस. टीव्ही लॅपटॉपच्या उजवीकडे जोडलेला आहे असं संगणक धरून चालतो. म्हणजे लॅपटॉप संपेपर्यंत १३६६, पुढे टीव्हीचा अर्धा ९६०. बेरीज २३२६. मी कार्डाच्या पाठीवर बेरीज केली आणि पुन्हा केली. त्याने केली असणार तशीच. कितीतरी दिवसांनी तो शेजारी बसल्यासारखा वाटला, आणि नंतर लगेच सुचलं की आकडा बरोबर आहे तर मग मी आता काय बदलू?

त्याचा एक मित्र आहे, त्याच्याच विभागातला. चाकणच्या बाजूच्याच गावचा, जुन्या शेतकरी घरातला. कार्यक्रमाला आला होता तेव्हा खुर्च्या उचलत होता. मी त्याला फोन केला. मागे मशीनचा आवाज होता.

"ताई, बोला. जरा मोठ्यानं बोला, लाइनवर हाय."

मी सगळं सांगितलं. आकडे, दोन पानं.

"नंबर बरोबर हाय वो. नंबरला हात लावू नका. आदीचा ब्राउझर चालू हाय का?"

"कुठला आधीचा?"

"कुठलाबी. एक जरी खिडकी उगडी असंल ना, तर ही नवी त्याच्यातच जाऊन घुसती. मग जागेचं काय ऐकत न्हाई ती. आदीचं सगळं बंद करा, मग फाइल मारा. आमच्यात नव्या पोरांला पयलं ह्येच सांगतो, राव... आय मीन, ताई." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "बंद करा, झालं. ठेवतो."

मी फोन हातात धरून उभी राहिले. भाऊ रात्री झोपताना सगळं बंद करायचा. सकाळी आधी आईची खिडकी उघडायचा, मग स्वतःची. "आधी माय, मग मी," असं म्हणायचा आणि मी ते लेकाचं प्रेम समजत आले होते. प्रेम होतंच. पण तसा क्रम लावला नाही तर खिडकी जागेवर बसत नाही, हेही त्यात होतं. आणि तो क्रम मीच मोडला होता. तो गेला त्या दिवशी जे उघडं होतं ते मी उघडं ठेवलं, रोज दोनदा 'नंतर' दाबून ठेवलं. आईचं उजवीकडचं त्या उघड्या खिडकीमुळे जात होतं.

एवढं कळूनही मी चार दिवस ती बंद केली नाही. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसंच झालं. पहिल्या दिवशी स्वतःला सांगितलं की रविवार येऊ दे. मग सुट्टी आली तर डोकं दुखतंय म्हणून झोपले. मधे एकदा वहिनींनी चहाचा कप ठेवता ठेवता म्हटलं, "आजींचं वजन उतरतंय ताई, बघताय ना?" मी म्हटलं, बघतेय.

पाचव्या दिवशी रजा टाकली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी वही घेऊन लॅपटॉपसमोर बसले आणि सहाही टॅब पहिल्यांदा एकेक करून उघडले. पत्ते उतरवले. मोटरसायकल लाल होती, आमच्या ऐपतीतली. थांबवलेला व्हिडिओ डाव्या हाताच्या व्यायामाचा होता. पत्ते परत मिळतात हे मला माहीत होतं, संगणक लक्षात ठेवतो. अर्जातलं अर्धं वाक्य तो ठेवणार नव्हता. मी ते वहीत लिहिलं: नाव, पत्ता, कारण, आणि कारणापुढे 'वडील'. त्याने जसं सोडलं होतं तसंच सोडलं.

मग नऊला उघडलेली पेपरची खिडकी बंद केली आणि त्याच्या खिडकीची फुली दाबली. संगणकाने विचारलं, भरलेली माहिती जाईल, चालेल का. मी हो म्हटलं.

डावा अर्धा निळा झाला. सगळाच टीव्ही निळा. मी 'आई'वर टिचकी मारली. दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग उजव्या अर्ध्यात, वरपासून खालपर्यंत, कडेला कड लावून पेपर उभा राहिला. मी माउसला हातही लावला नव्हता.

"आई," मी म्हटलं, "जरा इकडे बघ."

"काय बघू?"

"बघ तर."

ती वळली. मी तिच्या हातात माउस दिला. तिने चाक फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. मग वाचायला लागली, ओळीच्या पहिल्या शब्दापासून, जरा घोगऱ्या आवाजात. तालुक्याचा आठवडी बाजार नव्या जागी हलवणार, व्यापाऱ्यांचा विरोध.

"नवी जागा लांब पडती," आई म्हणाली. "बायांनी टोपल्या घेऊन कुठवर जावं?"

"हो ना."

"आजबी रविवार हाय का?"

"नाही. बुधवार आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "बुधवारी कसं दिसायलंय?"

मी सांगितलं, तुझे डोळे होते तसेच आहेत, पेपरच चुकीच्या जागी उघडत होता, चूक माझी होती. तिला किती कळलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग आधी का न्हाई सांगितलंस?" आणि पुढची बातमी वाचायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरीचं पीठ काढलं. दुपारी तिने भाकरी मागून घेतली.

पुढच्या रविवारी भावाचा तो मित्र घरी आला. सोबत शेतातली मेथी आणली होती. आईच्या पायाशी बसून त्याने टीव्हीकडे पाहिलं. "बसली का जागेवर? बेस झालं."

"सगळं बंद करावं लागलं," मी म्हटलं. "त्याचं उघडं होतं ते."

"त्याचं म्हंजे?"

"तो गेला त्या दिवशी जे उघडं होतं. मी तसंच ठेवलं होतं."

तो काही वेळ मेथीच्या जुडीची दोरी सोडत बसला. "मला म्हाईत न्हवतं ताई. तसं असतं तर... ते बंद न करताबी जमलं असतं. ओळीत एक वेगळं फोल्डर द्यायचं, आईंच्या खिडकीपुरतं. मग दोन्ही आपापली चालत्यात. हिला त्याची अडचण न्हाई, त्याला हिची न्हाई."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"शिफ्टवर होतो. पटकन सुटंल ते सांगितलं." मग खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं."

मी त्याला चहा दिला. चुकलं नाही असं म्हणायला हवं होतं, तोंडातून आलं नाही. तो चहा पिऊन उठला आणि ओळीत ते वेगळं फोल्डर घालून दिलं. आता मीही सकाळी लॅपटॉपवर माझं काम उघडून ठेवू शकते, आईची खिडकी तरी उजवीकडेच जाते. नव्या फोल्डरमध्ये अक्षर बारीक झालं होतं, ते त्याने मोठं केलं. जाताना दारात म्हणाला, "मावशी, येतो." आई म्हणाली, "ये रे. मोटरसायकल हळू चालव."

त्याच्यावर राग धरण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. तरी एखाद्या दिवशी बसमध्ये ती ओळ मनात येते. दोन रेघा, एक शब्द, एका फोल्डरचं नाव. तेवढं चार दिवस आधी माहीत असतं तर. मग दुसरं मन म्हणतं, तर मग मी ते किती दिवस उघडं ठेवलं असतं, आणि कोणासाठी? बस चिंचवड ओलांडते, मी पान उलटते, आणि काय वाचलं ते आठवत नाही.

खिडकी आता रोज जागेवर येते. माझा मात्र अजून विश्वास बसत नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी ग्रंथालयाच्या बाहेर व्हरांड्यात येते आणि वहिनींना फोन लावते.

"आलं का?"

"आलं."

"कुठल्या बाजूला?"

"अहो ताई, काल सांगितलं, परवा सांगितलं. उजव्या. आजींच्या. तुमची आई मगाचपासून वाचतेय, माझं दूध उतू गेलं तरी गप्प बसेना."

मागे आईचा आवाज येतो, एकसुरी, ठाम, कुठल्याशा ग्रामपंचायतीच्या नळयोजनेबद्दल.

"देऊ का त्यांना?" वहिनी विचारतात, आणि फोन बाजूला धरून, "आजी, ताई आहेत. बोलता?"

"तिला म्हणावं वाचायलेय," आई म्हणते. "मंग बोलते."